पुन्हा पुन्हा येणारा ज्वर

कर्करोग बळावलेल्या आईस किंवा वडिलांस मुंबईस टाटा मेमोरियल रुग्णालयांत नेऊन आणणें, हें जळगांव-धुळ्याकडील घरांस नवें नाहीं. १९४१ सालीं परळ येथें उघडलेल्या या रुग्णालयाचा खानदेशासही आधार वाटतो. परंतु रुग्ण घरीं परतला म्हणजे शुश्रूषेचा भार मुलासुनांवर पडतो, आणि तेथें गांठ पडते ती वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गाशीं.

केमोथेरपीच्या औषधांनीं रोगाच्या पेशींबरोबर अस्थिमज्जेचें कार्यही मंदावतें व जंतूंशीं झुंजणारे श्वेत रक्तकण घटतात. औषध दिल्यापासून साधारणतः ७ ते १४ दिवसांत ते सर्वांत कमी असतात. अशा वेळीं १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आल्यास सकाळ होण्याची वाट पाहूं नये. मुंबई दूर आहे; परंतु जळगांव आणि धुळें या दोन्ही शहरीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. रुग्णास जवळच्या रुग्णालयांत तत्काळ न्यावें आणि केमोथेरपी केव्हां दिली तें प्रथम सांगावें. डॉक्टरांस विचारल्यावांचून ताप उतरविणारी गोळी देऊं नये; तिनें ताप झांकला जातो, संसर्ग तसाच राहतो. मागील खेपेच्या उरलेल्या प्रतिजैविक गोळ्या देणें तर त्याहूनही अहितकारक होय. वृद्धांस कधीं कधीं तापही येत नाहीं. हुडहुडी, भ्रम, लघवी कमी होणें, एवढींच चिन्हें दिसतात.

घरांत करण्याजोगें पुष्कळ आहे. रुग्णास स्पर्श करण्यापूर्वीं सर्वांनीं साबणानें हात धुवावे. समाचारास आलेल्या ज्या कोणास सर्दी-खोकला असेल, त्यानें दारांतूनच परतावें; यांत कोणाचा अपमान नाहीं. वैशाखांत आमच्याकडे सकाळचें वरण संध्याकाळपर्यंत टिकत नाहीं. तें रुग्णाच्या पानांत वाढूं नये. कच्ची कोशिंबीर टाळून स्वच्छ हातांनीं सोललेलें केळें द्यावें. लघवीची नळी असल्यास तिची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीं ठेवावी.

याहून अवघड प्रश्न पुढें आहे. रोग हटत नाहीं आणि संसर्ग मात्र महिन्यागणिक होतो, अशा स्थितींत प्रत्येक वेळीं सुया आणि अतिदक्षता विभाग हीच मातापित्यांची सेवा काय? आमच्या मतें याचें उत्तर केवळ मुलांनीं द्यावयाचें नाहीं. ताप नसतांना, चित्त स्वस्थ असतांना, त्यांसच विचारावें, "बाबा, पुन्हा असें झालें तर तुमच्या मनांत काय आहे?" आपल्या घरांत हा प्रश्न अशुभ मानतात, म्हणूनच पुढें तो मध्यरात्रीं भावाभावांच्या वादाचें रूप घेतो. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं अशी इच्छा आधीं लिहून ठेवण्यास मान्यता दिली व २०२३ सालीं तिची रीत सुलभ केली.

रुग्णालयांत न नेण्याचें ठरलें म्हणजे सेवा संपली असें नव्हे. १९८६ सालीं मुंबईस वांद्रें येथें सुरू झालेलें शांति अवेदना सदन अशाच रुग्णांच्या वेदनाशमनासाठीं निघालें. घरींही डॉक्टरांच्या सल्ल्यानें वेदना, धाप व दाह शमविणारें औषध द्यावें. मूत्रमार्गाच्या संसर्गावरील औषधानें तळमळ कमी होत असेल तर तेंही द्यावें. कोरडे ओठ ओले करावे, कूस बदलावी, जवळ बसावें. ज्यांचें म्हणणें आपण ऐकून घेतलें आहे, त्यांच्या उशाशीं बसतांना मनास चोरटेपणा वाटत नाहीं.