टी-शर्टचे आठशे रुपये जातात कुठे?

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, आयुष्य फौजेत काढलेल्या माणसाचा रॉक संगीताशी काय संबंध? संबंध संगीताशी कमी आणि पैशाशी जास्त आहे. मी राहतो बेंगळुरूत. या गावात गल्लोगल्ली गिटार वाजते, आणि त्या गिटारवाल्या पोरांकडून एखादा टी-शर्ट, एखादी कापडी पिशवी किंवा एखादं स्टिकर विकत घ्या, म्हणजे पैसे अमुक संस्थेला जातील, असं आवाहन अधूनमधून येत असतं. मुलं-नातवंडं ते पुढे पाठवतात आणि विचारतात, घेऊ का? आज त्या प्रश्नाचं नीट उत्तर शोधू या.

आधी शब्द समजून घेऊ. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. ज्या बँडच्या मागे मोठी रेकॉर्ड कंपनी नाही, सिनेमा नाही, जो स्वतःची गाणी स्वतः लिहितो आणि स्वतःच्या खर्चाने रेकॉर्ड करतो, तो इंडी बँड. बेंगळुरूतलं जुनं नाव म्हणजे ‘थर्मल अँड अ क्वार्टर’. हा बँड १९९६ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी इथे स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ‘फ्रीडम जॅम’ हा विनातिकीट संगीतमेळा सुरू झाला. पुढे म्हैसूरहून ‘स्वरात्मा’ आला, कानडी-हिंदी लोकसंगीताला रॉकची जोड देणारा. या मंडळींनी समाजाशी नातं ठेवलं. ‘थर्मल’ने २००९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी मतदानासाठी ‘शट अप अँड व्होट’ ही मोहीम चालवली, तर ‘स्वरात्मा’ने ‘अ‍ॅक्शन रिप्ले’ या नावाने सामाजिक संस्थांसाठी कार्यक्रम केले. दिल्लीकडचा ‘ब्लडीवूड’ हा मेटल बँड परदेशात गाजला. त्याने २०१९ मध्ये नैराश्यावरच्या एका गाण्यासोबत ऐकणाऱ्यांसाठी मोफत समुपदेशनाची ६० सत्रं देऊ केली होती.

आता मर्चंडाइज, म्हणजे पोरांच्या भाषेत मर्च. बँडचं नाव-चित्र छापलेला टी-शर्ट, टोपी, मग, पोस्टर. मोबाइलवर गाणं ऐकलं की बँडला मिळतात ते पैसे, रुपये नव्हेत. कार्यक्रमाच्या मानधनातून गाडीभाडं, साउंडवाला आणि तालमीच्या खोलीचं भाडं जातं. म्हणून टी-शर्ट हा या मुलांचा हौसेचा नाही, पोटापाण्याचा भाग आहे. ती कमाई जेव्हा ते पूरग्रस्तांना किंवा एखाद्या अनाथालयाला देतो म्हणतात, तेव्हा ते स्वतःच्या ताटातलं देत असतात. त्याची कदर ठेवून पुढचं बोलू.

वस्तू देऊन मदत गोळा करणं आपल्याला नवीन नाही. दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ पासूनची ही प्रथा. गडद लाल, गडद निळा आणि फिकट निळा असा तीन रंगांचा छोटा कागदी ध्वज, म्हणजे भूदल, नौदल, वायुदल. तो छातीला लावायचा आणि डब्यात पैसे टाकायचे. हा निधी युद्धात कामी आलेल्यांची कुटुंबं, जायबंदी जवान आणि माजी सैनिक यांच्यासाठी असतो. महाराष्ट्रात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांमार्फत तो जमा होतो. त्या कागदाच्या तुकड्याची किंमत नगण्य, म्हणून दिलेला जवळजवळ सगळा पैसा निधीत जातो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

त्याच्याही आधी महाराष्ट्रात पैसा फंड होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरून तो उभा केला, लोकमान्यांनी पाठबळ दिलं, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना उभा राहिला. एका पैशाचाही हिशोब द्यावा लागतो, हे त्या पिढीला कळत होतं.

रॉक संगीतातलं सर्वांत मोठं उदाहरण मात्र आमच्या पिढीच्या जवळचं आहे. १९७१ साल. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. पंडित रविशंकर यांनी आपले शिष्य आणि मित्र, ‘बीटल्स’चे जॉर्ज हॅरिसन यांना गळ घातली. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवसात दोन कार्यक्रम झाले. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ आणि तबल्यावर अल्लारखा, पुढे हॅरिसन, बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन. तिकिटांतून सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर आले आणि ते युनिसेफला गेले. खरी मोठी रक्कम यायची होती ती विक्रीतून, म्हणजे तीन तबकड्यांचा अल्बम आणि नंतरचा चित्रपट.

आणि तिथेच गाडं अडलं. कार्यक्रमाआधी करसवलतीसाठी लागणारी नोंदणी झालेली नव्हती. त्यामुळे अमेरिकेच्या कर खात्याच्या दृष्टीने अल्बमची कमाई ही धर्मादाय रक्कम नव्हती, साधं उत्पन्न होतं. लाखो डॉलर वर्षानुवर्षं अडकून पडले. लढाई डिसेंबर १९७१ मध्ये संपली, बांगलादेश स्वतंत्र झाला, निर्वासित परतले, तरी त्यांच्यासाठी जमवलेला पैसा कागदांत होता. इथे कोणाच्या मनात खोट नव्हती. नियत स्वच्छ होती, कलाकार जगातले अव्वल होते, कमी पडली ती कागदपत्रांची तयारी. फौजेत आम्ही म्हणायचो, शौर्य पुढच्या फळीत लागतं, पण लढाई रसदीवर जिंकली जाते. तसंच हे.

दुसरं उदाहरण १९८४ चं. इथिओपियातल्या दुष्काळासाठी बॉब गेल्डॉफ आणि मिज युर यांनी ‘बँड एड’ ही मोहीम काढली आणि ब्रिटनमधल्या गायकांनी मिळून एक गाणं रेकॉर्ड केलं. तबकडी प्रचंड खपली. पण प्रत्येक तबकडीवर व्हॅट होता, आणि मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने तो माफ करायला आधी नकार दिला. लोकांनी ओरड केल्यावर तेवढी रक्कम सरकारने मदतीसाठी परत दिली. धडा काय? वस्तू विकली की कर आला, मग ती वस्तू कितीही पुण्यकामासाठी विकलेली असो.

आता आपल्या बेंगळुरूतल्या टी-शर्टकडे येऊ. समजा, एका बँडने १०० टी-शर्ट छापायचे ठरवले, किंमत ८०० रुपये. पुढचे आकडे मी समजावण्यासाठी धरलेले आहेत, कोणा बँडचे नाहीत. कोरा शर्ट तिरुपूरहून येईल, छपाई इथेच होईल. शर्ट आणि छपाई मिळून नगामागे ३२० रुपये. पॅकिंग आणि कुरिअर ८० रुपये. किमतीत ५ टक्के जीएसटी धरलेला आहे, तो ३८ रुपये. ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचा आकार साधारण १९ रुपये. छपाईवर भरलेल्या जीएसटीची वजावट हिशोब सोपा राहावा म्हणून बाजूला ठेवू. खर्च झाला ४५७ रुपये, उरले ३४३. शंभरच्या शंभर शर्ट विकले गेले, तर सुमारे ३४ हजार ३०० रुपये मदतीला जातील.

पण शंभर विकले जातातच असं नाही. कोणाला मोठा साइज हवा असतो, उरतात लहान. समजा ७० विकले गेले. छपाईचे ३२ हजार तर आधीच देऊन झाले आहेत. बाकीचे खर्च वजा करता हाती राहतात सुमारे १४ हजार ४०० रुपये. विक्री तीस टक्क्यांनी कमी झाली, मदत मात्र निम्म्याहूनही खाली आली. आणि या हिशोबात ४९ वा शर्ट विकला जाईपर्यंत मदतीला एक रुपयाही निघत नाही. ४५ शर्ट विकले, तर चार चांगल्या मुलांनी खिशातले पैसे घालून उरलेल्या शर्टांचा गठ्ठा घरी ठेवला, एवढंच होईल.

म्हणून जाणते बँड आधी मागणी नोंदवून घेतात. पंधरा दिवस ऑर्डर आणि पैसे घ्यायचे, मग तेवढेच शर्ट छापायचे. शर्ट उशिरा मिळतो, पण गठ्ठा उरत नाही. दुसरा मार्ग म्हणजे जिला छपाई-कुरिअर लागत नाही अशी वस्तू: डिजिटल गाणं. ‘बँडकॅम्प’ नावाच्या संकेतस्थळावर कलाकार थेट गाणी आणि मर्च विकतात. ते एरवी डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के वाटा घेतं. कोरोनाकाळात, २० मार्च २०२० रोजी, त्याने एक दिवस आपला वाटा सोडला आणि त्या एका दिवसात लोकांनी ४३ लाख डॉलरची खरेदी केली. पुढे ठरावीक शुक्रवारी तसंच होत राहिलं. आपल्या ध्वजदिनाच्या कागदी झेंड्याचं तत्त्व तेच आहे. वस्तूचा खर्च जितका कमी, तितका मदतीचा वाटा मोठा.

आता जाहिरातीतली भाषा वाचायला शिकू. ‘विक्रीची सगळी रक्कम’ म्हटलं असेल, तर ८०० पैकी ८०० गेले पाहिजेत आणि खर्च बँडने सोसला पाहिजे. ‘सगळा नफा’ म्हटलं असेल, तर खर्च वजा जाता उरेल ते. मग खर्च किती धरला, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. ‘नफ्याचा काही भाग’ हे सर्वांत मोघम. त्यात एक टक्काही बसतो आणि नव्वदही. मला सर्वांत पटणारा प्रकार चौथा: ‘प्रत्येक शर्टमागे ३०० रुपये अमुक संस्थेला’. यात नफा-तोट्याची जोखीम बँडकडे राहते, आणि खरेदीदाराला आकडा आधीच कळतो. सगळेच्या सगळे पैसे द्या, असा हट्ट मी धरणार नाही. छपाईवाल्याचं, कुरिअरवाल्याचं पोट त्यावर आहे, आणि त्या मुलांचंही. आकडा स्पष्ट असावा, एवढंच.

करसवलतीबद्दलही एक गैरसमज आहे. आपण जिला ८०जी म्हणून ओळखतो, ती सवलत देणगीला मिळते, खरेदीला नाही. तुम्ही ८०० रुपये देऊन शर्ट घेतलात, तर ती खरेदी झाली. बँड संस्थेला पैसे देईल तेव्हा पावती देणाऱ्याच्या नावाने निघेल. तुम्हाला स्वतःला सवलत हवी असेल, तर थेट संस्थेला द्या, संस्था नोंदणीकृत आहे का पाहा, २ हजारांवरची रक्कम रोख देऊ नका, आणि ही वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते हे ध्यानात ठेवा. परदेशातल्या नातेवाइकांसाठी आणखी एक सूचना. विदेशी देणगी घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. म्हणून अमेरिकेतल्या भाच्याने बँडमधल्या एखाद्या मुलाच्या खात्यावर ‘मदत’ म्हणून डॉलर पाठवू नयेत. भाच्याला शर्ट हवा असेल तर रीतसर खरेदी करावी.

फसवणुकीचंही बोलायला हवं, कारण ती नेहमी दुःखाच्या मागोमाग येते. पूर आला, हल्ला झाला, की दोन दिवसांत खाते क्रमांक फिरू लागतात. एप्रिल २०२५ मध्ये सैन्यासाठी देणगी द्या, असे दिशाभूल करणारे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर इतके फिरले, की संरक्षण मंत्रालयाला खुलासा करावा लागला. जवानाच्या नावावर मागितलेला पैसा भलत्याच्या खिशात जाणं, ही गोष्ट मला तरी सहन होत नाही. म्हणून पैसे देण्याआधी ज्या संस्थेचं नाव घेतलं आहे, तिच्याच पानावर किंवा फोनवर विचारा: या बँडने तुमच्यासाठी हे काम काढलं आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? पाच मिनिटांचं काम आहे.

बँडच्या मुलांनाही दोन शब्द. फौजेत प्रत्येक युनिटचा रेजिमेंटल फंड असतो. रेजिमेंटची टाय, मफलर, मग आम्हीही विकत घेतो, म्हणजे मर्चच म्हणा ना. त्या फंडाची दर तिमाहीला अधिकाऱ्यांचं मंडळ तपासणी करतं. कमांडिंग ऑफिसर कितीही सचोटीचा असो, तपासणी टळत नाही, आणि त्यात कोणी अपमानही मानत नाही. तुम्हीही तसंच करा. विक्री सुरू करण्याआधी संस्थेशी लेखी बोलणं करा. एखाद्या सीएला विचारा. मदतीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. शेवटची तारीख जाहीर करा. आणि संपल्यावर एका पानावर लिहा: इतके विकले, इतका खर्च, इतके दिले, ही संस्थेची पावती. आपल्याकडे गणेशोत्सव मंडळं जमाखर्च छापतात. ज्या मंडळाचा जमाखर्च वेळेवर लागतो, त्याला पुढच्या वर्षी वर्गणी मागायला फार बोलावं लागत नाही.

तेव्हा नातवाने विचारलं, आजोबा घेऊ का, तर त्याला तीन प्रश्न विचारायला सांगा. एका शर्टमागे नक्की किती रुपये जाणार? कोणत्या संस्थेला, आणि तिला हे ठाऊक आहे का? हिशोब कधी आणि कुठे वाचायला मिळेल? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली, तर खुशाल घ्या आणि अभिमानाने घाला. उत्तरं मिळाली नाहीत पण संगीत आवडलं, तर शर्ट बँडसाठी म्हणून घ्या आणि देणगी संस्थेला वेगळी पाठवा. दोघांचंही भलं होईल.

पुढच्या भागात भेटू. तोवर ७ डिसेंबर कॅलेंडरवर खूण करून ठेवा. जय हिंद.