जुन्या एमजीबीला नवं आयुष्य कसं देतात? गंज, वायरिंग आणि 'ओरिजिनल'चा प्रश्न

भारतात आज एमजी म्हटलं की हेक्टर किंवा कॉमेट डोळ्यांसमोर येते. ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांना मात्र हीच दोन अक्षरं एका वेगळ्याच गाडीची आठवण करून देतात. दोन सीट, कापडी टप, लांब नाक आणि तारांची चाकं असलेली ही गाडी म्हणजे एमजीबी.

या गाडीचं उत्पादन १९८० मध्ये थांबलं. तरीही ती आजही दुरुस्त होते, रंगते आणि रस्त्यावर धावते. पण पन्नास-साठ वर्षांची गाडी पुन्हा उभी करणं म्हणजे फक्त डेंटिंग-पेंटिंग नव्हे. त्यात नेमकं काय करावं लागतं? आणि किती बदल केले म्हणजे ती गाडी 'ती' राहत नाही?

एमजीबी ही नेमकी कोणती गाडी?

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमधल्या या व्यवसायातून स्पोर्ट्स कार बनवणारी कंपनी उभी राहिली आणि १९२९ पासून जवळच्याच अ‍ॅबिंग्डन इथे तिचा कारखाना होता. १९६२ मध्ये तिथून एमजीबी बाहेर पडली. १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, सुमारे ९५ हॉर्सपॉवर आणि ताशी १६० किलोमीटरच्या पुढे जाणारा वेग, असा तिचा थाट होता. १९६५ मध्ये पक्क्या छताची 'जीटी' आली. १९८० मध्ये अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या.

या मोठ्या आकड्यामुळेच एमजीबी आजही सांभाळता येते. गाड्या भरपूर असल्याने सुट्या भागांना मागणी राहिली आणि मागणी राहिल्याने भाग बनत राहिले.

अ‍ॅम्बेसेडरशी तिचं नातं काय?

एमजीबीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी-सीरिज' घराण्यातलं आहे. याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन हिंदुस्थान मोटर्सच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये कित्येक वर्षं होतं. म्हणजे ज्या मेकॅनिकने अ‍ॅम्बेसेडरचे टॅपेट सेट केले आहेत, त्याला एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर फारसं परकं वाटणार नाही. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, पुशरॉड, साधी रचना आणि हात घालायला भरपूर जागा, सगळं ओळखीचंच.

म्हणूनच या गाडीच्या बाबतीत इंजिन ही सर्वात मोठी चिंता नसते. ते उघडता येतं, भाग बदलता येतात, पुन्हा बसवता येतं. खरी चिंता असते ती गंजाची.

गंज एवढा धोकादायक का?

जुन्या अनेक गाड्यांना खाली स्वतंत्र चेसिस असायची आणि बॉडी तिच्यावर बसवलेली असायची. वरचा पत्रा सडला तरी खालचा सांगाडा शाबूत राहायचा. एमजीबीत वेगळी चेसिस नाही. पत्र्याचे भाग एकमेकांना जोडून तयार झालेली बॉडी हाच तिचा सांगाडा आहे.

त्यातून टपाची गाडी म्हणजे वर पक्कं छत नाही. त्यामुळे गाडीला वाकण्यापासून वाचवण्याचं मोठं काम 'सिल' करतात. सिल म्हणजे दाराखालचा, उंबरठ्यासारखा लांब भाग. बाहेरून तो एकच पत्रा वाटतो, पण आत अनेक पत्रे जोडून तयार केलेली पोकळ पेटी असते. तिच्यात पाणी आणि चिखल शिरला की ती आतून कुजू लागते. बाहेरचा रंग चकचकीत आणि आत चाळणी, अशी अवस्था होऊ शकते.

म्हणून जाणकार गाडी पाहताना आधी इंजिन सुरू करत नाहीत, खाली वाकतात. सिलवर, चाकांच्या कमानीवर लोहचुंबक फिरवतात. चुंबक पकडत नसेल तर तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग दार उघड-बंद करून पाहतात. दार आणि बॉडीमधली फट वर एक आणि खाली दुसरीच असेल, दार उचलून लावावं लागत असेल, तर गाडी मधून खचल्याची शंका घ्यायची.

सिल बदलताना चूक कुठे होते?

घाईत केलेल्या कामात सडलेल्या सिलवरच नवा पत्रा चढवून कडा वेल्ड केल्या जातात. गाडी दिसायला छान होते, पण आतला गंज वाढतच राहतो. अपघात झाला तर असा भाग धक्का सोसण्याऐवजी चुरगळतो. दिखाऊ आणि खऱ्या दुरुस्तीतला फरक असा थेट आत बसलेल्या माणसांच्या जिवाशी जोडलेला असतो.

दुसरी चूक आधार न देता कापण्याची. सिल कापली की गाडीची ताकदच निघून जाते आणि ती मधून झुकते. त्या झुकलेल्या अवस्थेत नवी सिल वेल्ड केली, तर वाकडेपणा कायमचा पक्का होतो आणि दार पुन्हा कधीच नीट बसत नाही. म्हणून आधी दाराच्या जागेत आडवे लोखंडी आधार लावतात, एका वेळी एकच बाजू कापतात आणि पक्कं वेल्डिंग करण्याआधी दार बसवून फटी तपासतात.

बॉडी दुरुस्तीपलीकडे गेली असेल तर आणखी एक मार्ग आहे. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साचे वापरून एमजीबीची संपूर्ण नवी बॉडी बनवायला सुरुवात केली. ती महाग असते. पण जुन्या बॉडीवर वेल्डिंगचे किती तास जातील याचा हिशेब मांडला, की अनेकदा नवी बॉडीच परवडते.

इंजिनाला आजचं पेट्रोल चालतं का?

चालतं, पण तयारी करावी लागते. एमजीबी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांच्यामध्ये शिशाचा पातळ थर बसायचा आणि झीज कमी व्हायची. भारत आणि ब्रिटन, दोन्हीकडे २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. शिशाशिवाय जास्त वेगाने आणि सतत गाडी चालवली तर सीट झिजून व्हॉल्व्ह आत रुतू लागतो. उपाय सोपा आहे. इंजिनाचं हेड उघडलं असेल तेव्हाच कठीण धातूच्या सीट बसवून घ्यायच्या.

दुसरा प्रश्न इथेनॉलचा. ब्रिटनमध्ये २०२१ पासून १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास मिळतं आणि भारतात तर २० टक्क्यांचं. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला खराब करतं. गरम इंजिनावर पेट्रोलची नळी तडकली तर आग लागू शकते. त्यामुळे टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या बसवणं, हे खरं तर रंगकामाच्याही आधीचं काम आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, म्हणून गाडी महिनोन् महिने उभी ठेवली तर पत्र्याची टाकीही आतून गंजते.

वायरिंगची एवढी बदनामी का?

त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांची विजेची उपकरणं लुकास कंपनीची असत. दिवे ऐनवेळी बंद पडण्याच्या अनुभवातून लुकासला 'अंधाराचा राजकुमार' म्हणायचा विनोद रूढ झाला. खरी गोष्ट अशी की बहुतेक वेळा दोष उपकरणात नसतो, जोडात असतो. कळकलेले टोक, सैल झालेली अर्थिंग आणि आधीच्या मालकांनी टेप गुंडाळून केलेले जुगाड, हेच खरे गुन्हेगार.

काही गोष्टी मात्र मुळातच जुन्या आहेत. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थिंग होतं, म्हणजे बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली. आजचा चार्जर किंवा म्युझिक सिस्टीम अशा गाडीत तशीच जोडली तर जळून जाते. १९७४ पर्यंत एका १२ व्होल्टच्या बॅटरीऐवजी सीटच्या मागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या. सुरुवातीच्या गाड्यांत फ्यूजही दोनच. त्यामुळे वायरिंगचा नवा संच, जास्तीचे फ्यूज आणि हेडलाइटसाठी रिले, हा अपग्रेड कमी खर्चाचा आणि जास्त उपयोगाचा ठरतो.

अपग्रेड करायचे तर कोणते आधी?

अनुभवी लोकांचा क्रम साधारण असा असतो: आधी थांबणं, मग दिसणं, मग थंड राहणं आणि शेवटी वेग.

- ब्रेक: सुरुवातीच्या गाड्यांत ब्रेकची एकच लाइन होती. कुठेही गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन स्वतंत्र लाइनची व्यवस्था नंतर आली आणि ती जुन्या गाडीत बसवता येते. जुन्या रबरी नळ्या तर बदलायलाच हव्यात.
- सीटबेल्ट आणि दिवे: हे दिसायला छोटे बदल, पण आजच्या वाहतुकीत सगळ्यात गरजेचे.
- इग्निशन: पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन डिस्ट्रिब्युटरच्या आतच बसतं. बाहेरून काही कळत नाही आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते.
- पंखा: ट्रॅफिकमध्ये इंजिन तापू नये म्हणून इलेक्ट्रिक पंखा.
- गिअरबॉक्स: मूळ गाडीला चार गिअर. पाच गिअरचा बॉक्स बसवला की हायवेवर इंजिनाचा आवाज आणि पेट्रोल, दोन्ही वाचतात. काही गाड्यांना मुळातच ओव्हरड्राइव्ह असतं, तिथे या खर्चाची गरज नसते.
- सस्पेन्शन: पुढच्या किंगपिनना ठरावीक अंतराने ग्रीस लागतं. ते टाळलं तर महागडं सस्पेन्शनही कामाचं नाही. १९७४ च्या अखेरीस अमेरिकी नियमांमुळे जाड काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंचीही वाढवली. या गाड्या वळणावर जास्त कलतात. त्यांची उंची पुन्हा कमी करणं हा लोकप्रिय बदल आहे.

आणि मोठं इंजिन?

यात एमजीचा स्वतःचा इतिहासच धडा देतो. १९६७ मध्ये कंपनीने तीन लिटरचं सहा सिलिंडरचं जड इंजिन बसवून एमजीसी काढली. नाक जड झालं, गाडी वळताना आळशी वाटू लागली आणि १९६९ मध्ये ती बंद झाली. पुढे १९७३ मध्ये ३५२८ सीसीचं रोव्हर व्ही८ इंजिन बसवलं. ते अ‍ॅल्युमिनियमचं असल्याने वजन फारसं वाढलं नाही आणि गाडीचा तोल टिकला. ताकदीइतकंच वजनही महत्त्वाचं असतं. आज जुन्या गाडीत इलेक्ट्रिक मोटर आणि बॅटरी बसवणाऱ्यांनाही हाच नियम लागू पडतो.

कायदा काय म्हणतो?

ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या गाडीला रोड टॅक्स आणि वार्षिक तपासणीतून सूट मिळू शकते. पण गाडीत मोठे बदल केले असतील तर तपासणीची सूट मिळत नाही.

भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते आणि नंबरप्लेटवर राज्याच्या कोडनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, म्हणजे चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांसाठीच बाहेर काढता येते. रोज ऑफिसला नेता येत नाही.

मग 'ओरिजिनल' ठेवायची की सुधारायची?

दोन्हींच्या मधला एक मार्ग बहुतेक जण स्वीकारतात: जो बदल उद्या परत फिरवता येईल, तो करायला हरकत नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन काढून पुन्हा पॉइंट बसवता येतात. जुना गिअरबॉक्स कापडात गुंडाळून ठेवता येतो. पण नवं इंजिन मावावं म्हणून कापलेला पत्रा परत जोडता आला, तरी ती गाडी पूर्वीची राहत नाही. म्हणून काढलेला प्रत्येक भाग जपायचा, प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि बिलं ठेवायची. पुढचा मालक गाडी पाहायला येईल तेव्हा रंगाच्या चकाकीपेक्षा ती फाइल त्याला जास्त सांगून जाईल, विशेषतः सिल कापलेली असताना आत काय दिसत होतं, याचे फोटो.