तंजावूर : एका शहराची भेट

सुट्टी मिळाली की कोठेतरी जाऊन यावे, असे प्रत्येकालाच वाटते. परंतु अनोळखी शहराचे नाव निघताच मनात तीन प्रश्न उभे राहतात : राहायचे कोठे, जेवायचे काय आणि पाहायचे काय? प्रवास ही पैसेवाल्यांची हौस आहे, आपल्यासारख्यांचे ते काम नव्हे, असे समजून अनेकजण हे प्रश्न सोडवण्याच्या वाटेलाच जात नाहीत. वास्तविक शहर पाहण्यासाठी पैशापेक्षा पूर्वतयारी अधिक लागते. ही तयारी कशी करावी, हे आपण तमिळनाडूतील तंजावूर या शहराच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

तंजावूरच का?

तंजावूर हे कावेरीच्या खोऱ्यातील प्राचीन शहर. चोळ राजांची ही राजधानी. पुढे येथे नायक राजे आले आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी भोसले यांनी येथे मराठी राज्य स्थापन केले. १८५५ मध्ये इंग्रजांनी ते खालसा केले. मराठीचा येथील संबंध मात्र तेवढ्याने संपला नाही. या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांत आजही मराठीचे एक वेगळे, तमिळच्या सहवासात घडलेले रूप बोलले जाते. तमिळ, तेलुगू, मराठी आणि संस्कृत या भाषा एका नगरीत कशा नांदल्या, हे पाहायचे असेल तर तंजावूरसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल.

राहण्याची सोय

तंजावूरला रेल्वेने किंवा बसने जाता येते. चेन्नईहून थेट गाड्या आहेत. तिरुचिरापल्ली येथे उतरूनही सुमारे साठ किलोमीटरचा प्रवास करून पोहोचता येते. शहरातील जुने बसस्थानक मध्यवस्तीत आहे, तर नवे बसस्थानक गावाबाहेर आहे. म्हणून मुक्कामाची जागा निवडताना रेल्वेस्थानक किंवा जुने बसस्थानक यांच्या आसपासची निवडावी. तेथून मोठे मंदिर आणि राजवाडा ही दोन्ही ठिकाणे फार दूर नाहीत. खोलीचे भाडे चार रुपये अधिक पडले, तरी रिक्षाचा खर्च आणि वेळ वाचतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दक्षिणेत ‘हॉटेल’ अशी पाटी दिसली, तरी तेथे राहण्याची सोय असेलच असे नाही; पुष्कळदा ते केवळ भोजनगृह असते. मुक्कामासाठी ‘लॉज’ शोधावे. खोली प्रत्यक्ष पाहून, भाडे आणि खोली सोडण्याची वेळ विचारूनच पैसे भरावेत. छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ बाळगावे. पोंगलच्या सणात, म्हणजे जानेवारीच्या मध्यास, गर्दी असते. तेव्हा खोली आधीच ठरवणे इष्ट.

वाटसरूच्या निवाऱ्याचा विचार या भूमीला नवा नाही. मराठी राजांनी रामेश्वरच्या वाटेवर ‘छत्रे’ उभारली होती. छत्र म्हणजे यात्रेकरूंना निवारा आणि अन्न देणारी धर्मशाळा. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०२ मध्ये ओरत्तनाडू येथे बांधलेले मुक्तांबाळ छत्र प्रसिद्ध आहे. तेथे अन्नदानाबरोबर विद्यादानही चाले. परक्या माणसाला आसरा देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, ही जाणीव त्यामागे होती.

भोजन

कावेरीचे खोरे हे तमिळनाडूचे भाताचे कोठार. त्यामुळे येथील जेवणात भात प्रमुख असतो. सकाळी इडली, पोंगल, डोसा आणि पितळी किंवा स्टीलच्या डबऱ्यातून येणारी वाफाळती फिल्टर कॉफी. दुपारी केळीच्या पानावरचे जेवण. पाटीवर ‘मील्स’ लिहिलेले असेल, तेथे हे जेवण मिळते. भातावर प्रथम सांबार, मग रसम आणि शेवटी ताक असा क्रम असतो. सोबत भाज्या, पापड, लोणचे. साधारणपणे भात पुन्हा पुन्हा वाढला जातो. पुरे झाल्यास ‘पोदुम’ म्हणावे. हा एक शब्द ठाऊक असला, तरी अन्न वाया जात नाही आणि वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते. जेवण झाल्यावर पान आपल्या बाजूस दुमडण्याची तेथे रीत आहे.

सांबाराविषयी एक आख्यायिका सांगतात. संभाजीराजे तंजावूरला आले असता आमटीत आमसुलाऐवजी चिंच घातली गेली आणि पाहुण्यांच्या नावावरून त्या पदार्थाला ‘सांबार’ हे नाव पडले, अशी ती कथा. तिला विश्वसनीय कागदोपत्री आधार नाही. म्हणून ती इतिहास म्हणून न सांगता गोष्ट म्हणूनच सांगावी.

काय पाहावे?

पहिला मान बृहदीश्वर मंदिराचा. पहिल्या राजराज चोळाने बांधवलेले हे मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. गर्भगृहावरील शिखर सुमारे सहासष्ट मीटर उंच आहे आणि मंदिर ग्रॅनाइट दगडाचे आहे. गाळाच्या सपाट प्रदेशात असा दगड दूरवरून आणून इतक्या उंचीवर चढवणाऱ्या कारागिरांचे कौशल्य पाहून मन थक्क होते. भिंतींवरील तमिळ शिलालेखांत राजाच्या दानांबरोबरच मंदिरात सेवा करणाऱ्या नर्तकींची आणि इतर सेवकांची नावेही कोरलेली आहेत. १९८७ मध्ये या मंदिराचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असे काहीजण सांगतात. ऊन असताना आपण स्वतः पाहावे, सावली पडते.

याच मंदिराच्या आवारातील भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. हा अतिशय विस्तृत लेख आहे. तमिळ लेखांच्या शेजारी मराठी अक्षरे पाहताना भाषेचा प्रवास किती दूरवर होतो, हे प्रत्ययास येते.

मंदिर पहाटे किंवा सायंकाळी पाहावे. दुपारी काही तास ते बंद असते. शिवाय अनवाणी चालताना तापलेल्या फरशीचे चटके बसतात.

दुसरे ठिकाण राजवाडा. तेथील कलादालनात चोळकालीन कांस्यमूर्ती आहेत. शेजारीच सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायक राजांच्या काळात सुरू झालेला हा ग्रंथसंग्रह सरफोजींनी वाढवला. ते स्वतः अनेक भाषांचे जाणकार होते आणि वैद्यकातही त्यांना रस होता. येथील हजारो हस्तलिखितांत तीन हजारांहून अधिक मराठी आहेत. मोडी लिपीतील राजदप्तरही मोठे आहे. ते वाचू शकणारे लोक मात्र थोडे उरले आहेत. ग्रंथालयाच्या संग्रहालयात निवडक ग्रंथ आणि चित्रे पाहता येतात. सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा.

वेळ उरल्यास कारागिरांच्या वस्तू पाहाव्यात. सोन्याचा वर्ख लावलेली तंजावूर चित्रे, फणसाच्या लाकडाची वीणा आणि मान डोलावणाऱ्या बाहुल्या ही या शहराची ओळख आहे. दुसऱ्या दिवशी सुमारे तेरा किलोमीटरवरील तिरुवैयारू येथे जाता येईल. संतकवी त्यागराज यांची समाधी तेथे कावेरीच्या काठी आहे.

समारोप

थोडक्यात, मुक्काम, भोजन आणि दर्शन या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत. आपण जेथे उतरतो तेथील माणसे, जे खातो ते अन्न आणि जे पाहतो ते दगड एकाच शहराची कथा सांगतात. ती ऐकण्यासाठी मोठी पदवी किंवा भरलेला खिसा लागत नाही; चौकस डोळे, दुसऱ्याच्या भाषेतील चार शब्द आणि नम्र वृत्ती पुरेशी असते. पुढच्या वेळी एखाद्या शहरात कामानिमित्त जावे लागले, तरी तेथील एक दिवस असा राखून ठेवावा.

स्वाध्याय

१. ‘छत्र’ म्हणजे काय? त्यामागील विचार स्पष्ट करा.
२. आख्यायिका आणि इतिहास यांतील फरक पाठातील उदाहरणाच्या आधारे सांगा.
३. तुमच्या जवळच्या एखाद्या शहराच्या दोन दिवसांच्या भेटीचा आराखडा तयार करा. त्यात निवास, भोजन, पाहण्याची ठिकाणे आणि अंदाजे खर्च लिहा.