विम्याचे छत्र नसलेल्या घरातील बाळंतपण

‘डॉक्टरसाहेब, किती लागतील?’

आमच्या बाह्यरुग्ण विभागात गरोदर स्त्रीची तपासणी आटोपली की तिच्यासोबत आलेली सासू किंवा नवरा बहुधा हा प्रश्न विचारतो. बाळ कसे आहे, रक्त किती भरले, हे प्रश्न त्यानंतर येतात. प्रश्न पैशांचा दिसला तरी त्यामागे कोठीतले धान, दावणीची शेळी आणि सावकाराचे दार उभे असते. याच प्रश्नाच्या भीतीने काही स्त्रिया दवाखान्याची पायरी चढण्यास उशीर करतात, आणि त्या उशिराची किंमत कित्येकदा पैशांत मोजता येत नाही. यास्तव या वर्षीच्या अहवालात बाळंतपणाच्या खर्चाची मीमांसा विस्ताराने करावी, असे आम्हांस वाटले.

विमा का नसतो?

नोकरदार वर्गास १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने पगारी रजा मिळाली. २०१७ मध्ये तिची मुदत २६ आठवडे झाली. कारखान्यातील कामगारास राज्य कामगार विम्याचा आधार लाभला. परंतु चामोर्शी तालुक्यातील बहुसंख्य कुटुंबे धानाच्या शेतीवर, शेतमजुरीवर, मोहफुले व तेंदूपत्ता गोळा करण्यावर जगतात. मिरची तोडणीच्या हंगामात कित्येक जोडपी तेलंगणात जातात. त्यांच्या मजुरीला हजेरीपट नसतो, मग रजा कोठली?

खाजगी आरोग्य विम्याविषयीही एक गैरसमज आढळतो. दिवस गेल्यावर पॉलिसी घेतली तर बाळंतपणाचा खर्च मिळेल, अशी काहींची समजूत असते. बहुतेक पॉलिसींमध्ये प्रसूतीचा खर्च वगळलेला असतो, आणि जेथे तो धरलेला असतो तेथे नऊ महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत वाट पाहण्याची अट असते. म्हणजे जी स्त्री आज गरोदर आहे, तिला आज घेतलेला विमा या बाळंतपणात उपयोगी पडत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना (२०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने पहिल्या टप्प्यातील ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता) ही मुख्यतः ठरावीक शस्त्रक्रिया व गंभीर आजारांसाठी आहे. साधे बाळंतपण तीतून भागेल असे गृहीत धरू नये.

खर्च नेमका कोठे होतो?

एका पावसाळ्यातील प्रसंग सांगितल्यावाचून हा मुद्दा स्पष्ट होणार नाही. जंगलाकडच्या एका गावातील स्त्री, दुसरे बाळंतपण. रक्त फार कमी असल्याने तिने दिवस भरण्यापूर्वीच गडचिरोलीस जाऊन राहावे, असे तिला आठव्या महिन्यात सांगण्यात आले होते. परंतु शेतात रोवणी सुरू होती. ती व सोबतीण अशा दोघींची मजुरी बुडणार, मोठ्या लेकराकडे कोण पाहणार, म्हणून ‘रोवणी झाली की जाऊ’ असे ठरले. रोवणी संपण्याच्या दोन दिवस आधी रात्री कळा सुरू झाल्या. नाल्याला पूर असल्याने नेहमीचा रस्ता बंद झाला होता. दुसऱ्या गावाहून भाड्याची जीप आणावी लागली, आणि ते भाडे देण्यासाठी घरातले डोरले गहाण पडले. पहाटे ती आमच्याकडे पोहोचली. आम्ही तिची प्रकृती सावरून तिला तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी रवाना केले. रक्त देण्यात आले, शस्त्रक्रिया झाली, माय-लेक सुखरूप राहिली.

पुढे हिशेब झाला तेव्हा असे दिसले की, रुग्णालयाचे शुल्क म्हणून त्या कुटुंबाने काहीच भरलेले नव्हते. तरीही ते कर्जात बुडाले होते. जीपचे भाडे, सोबत आलेल्या तीन माणसांचे आठवडाभराचे जेवण, रक्तदाते आणण्यासाठीच्या फेऱ्या, बुडालेली मजुरी आणि गहाणाचे व्याज मिळून ते कर्ज झाले होते. डोरले सोडवायला पुढचे धान घरात यावे लागले.

मातामृत्यूंच्या अभ्यासात १९९४ मध्ये थॅडियस व मेन या अभ्यासकांनी तीन विलंब मांडले : निर्णय घेण्यातील, रुग्णालयात पोहोचण्यातील आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातील. आमच्या अनुभवात पहिल्या दोन विलंबांच्या मुळाशी पैशांची धास्ती असते, आणि विलंब झाला की खर्चही वाढतो. तो टाळण्याची वेळ कळा येण्यापूर्वी कित्येक आठवडे असते.

जे हक्काने मोफत आहे

पुढील तरतुदी कोणाच्या मेहरबानीवर अवलंबून नाहीत. प्रत्येक कुटुंबास त्या ठाऊक असाव्यात.

१. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम (१ जून २०११ पासून) : शासकीय रुग्णालयात साधी प्रसूती असो वा सिझेरियन, स्त्रीस काहीही द्यावे लागत नाही. औषधे, तपासण्या, रक्त, साध्या प्रसूतीत ३ दिवस व सिझेरियननंतर ७ दिवस आहार, तसेच घरून रुग्णालयात, एका रुग्णालयातून दुसऱ्यात आणि परत घरी नेण्याची सोय यात आहे. आजारी नवजात बालकाच्या मोफत उपचाराची मुदत आरंभी ३० दिवस होती. पुढे ती एक वर्षापर्यंत वाढली. वाहनासाठी १०२ व तातडीच्या प्रसंगी १०८ हे क्रमांक आहेत.

२. जननी सुरक्षा योजना (२००५) : ग्रामीण भागातील अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दारिद्र्यरेषेखालील स्त्रीस शासकीय अथवा मान्यताप्राप्त रुग्णालयातील प्रसूतीनंतर ७०० रुपये मिळतात.

३. प्रधानमंत्री मातृ वंदना योजना (१ जानेवारी २०१७ पासून) : योजनेच्या अटींत बसणाऱ्या मातेस पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. सुधारित नियमांनुसार लवकर नोंदणी व तपासणी केल्यावर ३,००० आणि जन्मनोंदणी व बाळाचे पहिले लसीकरण झाल्यावर २,००० असे दोन हप्ते आहेत. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात.

४. बांधकाम कामगार मंडळ : स्त्री स्वतः किंवा तिचा नवरा नोंदणीकृत बांधकाम कामगार असल्यास पहिल्या दोन अपत्यांपर्यंत साध्या प्रसूतीस १५,००० व शस्त्रक्रियेद्वारे झालेल्या प्रसूतीस २०,००० रुपये मिळतात. गवंडीकामास जाणाऱ्या अनेकांना याची माहितीही नसते. मात्र नोंदणी आधी केलेली आणि चालू असावी लागते.

५. तपासणी व आहार : दर महिन्याच्या ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली शासकीय केंद्रांत मोफत तपासणी होते. अनुसूचित क्षेत्रातील गावांत अंगणवाडीमार्फत अमृत आहार योजनेचे एक वेळचे ताजे जेवण मिळते. घरी परतल्यावर आशाताई ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी येऊन बाळास पाहतात. या गृहभेटींची कल्पना ज्या कामातून देशभर रुजली, ते नवजात बालकांच्या घरगुती काळजीचे काम ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी याच गडचिरोली जिल्ह्यातील खेड्यांत सिद्ध केले, ही आम्हां सर्वांच्या अभिमानाची बाब आहे.

पैसे अडतात कोठे?

मंजूर झालेले पैसेही वेळेवर पोहोचत नाहीत, याचे एक साधे कारण वारंवार दिसते. आधार कार्डावर माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे, आणि बँकेत खाते नवऱ्याचे. मातृ वंदना योजनेची रक्कम मातेच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते. पहिल्या बाळंतपणास मुलगी माहेरी जाते, तेव्हा माता-बाल संरक्षण कार्ड सासरीच राहते आणि नव्या ठिकाणी सारी नोंद पुन्हा करावी लागते. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच बारा आठवड्यांच्या आत आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात नोंदणी करावी, त्याच वेळी मातेचे खाते उघडावे आणि नावांतील फरक दुरुस्त करून घ्यावा. ओटी भरून माहेरी निघताना पिशवीत सर्वांत आधी ते कार्ड ठेवावे.

धर्मादाय रुग्णालयाचे कर्तव्य

आमच्यासारख्या विश्वस्त संस्थांवरही कायद्याने जबाबदारी टाकली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. इतर रुग्णांच्या देयकांतील २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका यासाठी लागते. तातडीच्या प्रसंगी मात्र आधी रुग्णास दाखल करून घेऊन जीव वाचविणारे उपचार द्यावयाचे असतात; निर्धन रुग्णाकडे अनामत मागता येत नाही. या योजनेत येणाऱ्या कोणत्याही धर्मादाय रुग्णालयात हा हक्क आहे.

येथे एक गोष्ट आम्ही मोकळेपणाने नमूद करतो. ज्या स्त्रीचे गरोदरपण निर्वेध आहे, तिने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा चामोर्शीच्या ग्रामीण रुग्णालयात बाळंत व्हावे. तेथे तिचा हक्क आहे आणि तेथे तिला खर्च नाही. रक्त फार कमी असणे, सिकलसेल, वाढलेला रक्तदाब, जुळी, आधीचे सिझेरियन किंवा मूल आडवे असणे, यांपैकी काही आढळल्यास तिची जागा जिल्हा महिला व बाल रुग्णालयात आहे. चामोर्शीहून गडचिरोली तीसेक किलोमीटर आहे. तेवढे अंतर दिवसा, ठरवून आणि मोफत वाहनाने कापणे सोपे. तेच अंतर पावसातल्या रात्री डोरले गहाण टाकायला लावते. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकीस आम्ही हेच सांगतो, मग आमची एक खाट रिकामी राहिली तरी चालेल.

सातव्या महिन्यात घरात बसून ठरवावे

प्रसूती कोठे करायची व काही बिघडल्यास पुढे कोठे जायचे. वाहनाचा क्रमांक कोणाकडे आहे आणि पूर आला तर कोणत्या वाटेने निघायचे. सोबत कोण जाईल (तिघांऐवजी एक सोबतीण पुरते). रक्ताचा गट कोणता आणि रक्त देणारे दोघे कोण. मोठ्या लेकरांना कोण सांभाळील. दुर्गम भागातील काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ आहे. तेथे दिवस भरण्याआधी काही दिवस येऊन राहता येते, याची चौकशी आशाताईंकडे करावी. वरखर्चासाठी महिला बचत गटातून अल्प व्याजाने कर्ज मिळू शकते. त्यासाठी गटाला आधी सांगावे, सावकाराकडे जाण्याची पाळी येऊ देऊ नये.

देणगीदारांस विनंती

आमचे दाते कित्येकदा म्हणतात, ‘एका गरीब स्त्रीच्या बाळंतपणाचा खर्च आम्ही देतो.’ ही भावना थोर आहे. परंतु वरील विवेचनावरून लक्षात येईल की, बाळंतपणाचा खर्च बऱ्याच अंशी शासनाने उचललेला आहे. पैसा कमी पडतो तो त्याच्या भोवती : सोबतिणीच्या जेवणाला, वाहन न मिळाल्यास जीपच्या भाड्याला, रक्तदात्याच्या प्रवासाला, हक्काचे पैसे हाती येईपर्यंतच्या महिन्या-दोन महिन्यांना. यांतील बऱ्याच बाबी कोणत्याही योजनेच्या रकान्यात बसत नाहीत, आणि याच बाबींसाठी घरातली वस्तू गहाण पडते. म्हणून देणगी देताना ‘माता सोबत खर्चासाठी’ असा उल्लेख करावा, ही नम्र विनंती. ती रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून तिचा विनियोग विश्वस्त मंडळापुढे मांडण्यात येईल.

पुढच्या पावसाळ्यात कोणी आम्हांस ‘किती लागतील?’ असे विचारील, तेव्हा ‘काही लागणार नाही, फक्त आठ दिवस आधी या’ असे उत्तर देता यावे आणि ते खरे ठरावे, एवढीच आमची इच्छा आहे. ते खरे ठरविण्यात सर्व दाते, विश्वस्त, आशाताई आणि रुग्णांचे नातेवाईक यांचा वाटा आहे.