छोट्या रसशाळेने केंद्र सरकारची निविदा भरावी काय?

आपल्या सभासदांपैकी अनेकजण चिकित्सालयाच्या जोडीला लहानशी रसशाळा चालवितात. चार-सहा कामगार, एक पल्वरायझर, गोळ्यांचे एक यंत्र आणि ग्राहक म्हणजे पंचक्रोशीतील परिचित वैद्य, असा तिचा पसारा. कधी ना कधी मनात विचार येतोच की, केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतील आयुर्वेद दवाखाने, जयपूरची राष्ट्रीय आयुर्वेद संस्था, दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था व तिचे गोव्यात धारगळ येथे २०२२ मध्ये सुरू झालेले केंद्र या सर्वांना औषधे लागतात. मग त्यांत आपला वाटा का नसावा? गेली काही वर्षे मी या वाटेने गेलो. अनुभव संमिश्र आहे, परंतु सांगण्याजोगा आहे.

कायदा आपल्या बाजूचा आहे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. केंद्राचे सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचे खरेदी धोरण १ एप्रिल २०१२ पासून लागू झाले. प्रत्येक मंत्रालयाने आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २० टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करावी, असे त्यात होते; २०१८ च्या दुरुस्तीने हे प्रमाण २५ टक्के झाले. त्यातच अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के व महिला उद्योजकांसाठी ३ टक्के उपलक्ष्य आहे. भगिनी वैद्यांच्या नावे असलेल्या रसशाळा आपल्यात थोड्या नाहीत. त्यांनी याचा विचार अवश्य करावा. निविदेचे कागद विनामूल्य मिळतात आणि बयाणा रकमेतून सूट असते. काम मिळाल्यावर द्यावयाच्या सुरक्षा ठेवीतून मात्र सूट नाही. बहुतेक खरेदी २०१६ साली सुरू झालेल्या ‘जेम’ या सरकारी संकेतस्थळावरून होते. तेथे नोंदणी घरबसल्या होते, दलालाची गरज नाही. आमच्या अभ्यासक्रमात पुटांचे प्रकार पाठ करून घेतले गेले, निविदा कशी वाचावी हे कोणी शिकविले नाही. म्हणून दलालांचे फावते.

माझी पहिली निविदा उघडताक्षणीच बाद झाली. कारण हास्यास्पद होते. ‘उद्यम’ नोंदणी मी हिशेबनिसावर सोपविली होती आणि त्याने व्यवसायाच्या रकान्यात ‘व्यापार’ लिहून ठेवले होते. या धोरणाचा लाभ उत्पादकाला व सेवा देणाऱ्याला आहे, व्यापाऱ्याला नाही. साहजिकच बयाण्याची सूट नाकारली गेली आणि बयाणा भरलेला नसल्यामुळे निविदाही गेली. चूक माझीच होती. सही करण्यापूर्वी मी कागद वाचला नव्हता.

दुसरी अडचण परवान्याची. सरकारी याद्या शास्त्रोक्त नावांच्या असतात. आपल्या स्वतःच्या नावाच्या पेटंट कल्पाला तेथे क्वचितच जागा असते. औषधाचे नाव व ग्रंथाधार आपल्या उत्पादन परवान्याशी जुळला पाहिजे. जी. एम. पी. प्रमाणपत्र चालू असले पाहिजे. शिवाय, चूर्णाची वापरमुदत नियमाने दोनच वर्षे असते. पुरवठ्याच्या दिवशी तिचा मोठा भाग शिल्लक हवा, अशी अट असेल तर गोदामातील माल उपयोगाचा नाही; आदेश आल्यावरच घाणी लावावी लागते. पूर्वानुभवाच्या अटीत लघुउद्योगांना सवलत देता येते. तथापि आरोग्याशी निगडित वस्तूंसाठी ती न देण्याची मुभा खरेदीदाराला आहे व औषधांच्या बाबतीत ती पुष्कळदा वापरली जाते. म्हणून आरंभ लहान मागण्यांपासून करावा.

आता मुख्य मुद्दा दराचा. सर्वांत कमी दर मोठ्या कारखान्याचा असेल आणि आपला दर त्याहून १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्याच कमी दराने एकूण मागणीचा किमान चौथा हिस्सा पुरविण्याची संधी लघुउद्योगांना मिळते. ऐकावयास गोड वाटते. एका संस्थेच्या त्रिफळा गुग्गुळाच्या निविदेत माझा दर सुमारे १२ टक्क्यांनी अधिक होता. दर जुळविण्याची विचारणा झाली आणि आनंदाच्या भरात मी होकार दिला. हिशेब रात्री मांडला. शार्ङ्गधरोक्त पाठात नऊ भागांपैकी पाच भाग गुग्गुळ आहे. ही वनस्पती अतिसंकटग्रस्त यादीत गेलेली आहे, खरा गुग्गुळ महाग आहे आणि बाजारात इतर डिंकांची भेसळ मुबलक आहे. त्या दरात औषध प्रामाणिकपणे बनविणे म्हणजे पदरमोड होती. गोळ्या बांधणाऱ्या जुन्या कामगाराने सहज सुचविले, “डॉक्टर, डिंक थोडा कमी केला तर कुणाला कळतंय?” कळलेही नसते, कदाचित. पण त्या गोळ्या ज्यांच्या पोटात जाणार ते माझ्याच शास्त्रावर विश्वास ठेवून रांगेत उभे राहिलेले रुग्ण होते. पाठाप्रमाणेच माल पाठविला आणि तोटा सोसला.

देयक हाती यावयास पाच महिने लागले. २००६ च्या कायद्यानुसार माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडची मुदत करारातही लिहिता येत नाही. पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर पोहोचल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे व त्यासाठी सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. म्हणून पोचपावतीवर तारीख व शिक्का घेतल्याखेरीज माल सोडू नये. गाडीवाल्याच्या सहीवर समाधान मानू नये. मी मानले होते.

हल्ली आम्ही दोनच चूर्णांच्या निविदा भरतो, तेही हिशेब आधी मांडून. त्रिफळा गुग्गुळ पूर्वीप्रमाणे पंचक्रोशीतील वैद्यांनाच देतो. व्याजाच्या मागणीचे पत्र मी लिहून ठेवले आहे. त्याच संस्थेच्या पुढील निविदेच्या भीतीने ते अद्याप टपालात पडलेले नाही.