बॅट कुठं टेकवायची?

मुलांनो, या वेळच्या भित्तिपत्रकात मी पाण्याच्या बचतीवर लिहिणार होतो. तो लेख पुढच्या वेळी. आज क्रिकेटवर लिहितो. कारण असं, की तुमच्यातल्या एकाची चूक नसताना मी ती सुधारायला गेलो आणि फसलो.

गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत तुमचा खेळ बघत उभा होतो. सातवीतला एक मुलगा बॅटिंगला आला. नाव लिहीत नाही, तुम्हांला ठाऊकच आहे. त्यानं बॅट दोन्ही पायांच्या मधोमध टेकवली आणि वाकून उभा राहिला. पोरं हसली. "गुर्जी, ह्याला बघा की! खेळायलाय का काठी टेकून म्हसरं राखायलाय?" खरं सांगतो, मलाही हसू आलं. मी पुढं झालो आणि म्हणालो, "बाळा, बॅट उजव्या पायाच्या अंगठ्यामागं टेकवायची असते. पुस्तकात तसंच दिलंय."

पोरगं गुणी. त्यानं ऐकलं. पुढचे आठ दिवस पहिल्या-दुसऱ्या चेंडूलाच त्याचा त्रिफळा उडू लागला. नवव्या दिवशी तो खेळायला आलाच नाही. भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "गुर्जी, मला जमत न्हाई." त्या रात्री मला चैन पडली नाही.

आता पुस्तक असं का सांगतं, ते आधी समजून घेऊ. बॅट मागच्या पायाच्या अंगठ्याजवळ असली की ती सरळ मागं उचलली जाते आणि सरळच खाली येते. पायांच्या मधोमध असली तर उचलताना ती थोडी बाहेर जाते, मग वळण घेऊन चेंडूवर येते. म्हणून पहिली रीत सोपी आणि बहुतेकांना सोयीची. पुस्तक खोटं बोलत नाही. पण चेंडूला काही बॅट आधी कुठं टेकवली होती ते दिसत नाही. तो बॅटीला भेटतो, त्या क्षणी बॅट कुठं आहे एवढाच प्रश्न असतो.

आपल्या महाराष्ट्रात एक फार मोठे फलंदाज होऊन गेले, विजय हजारे. जन्म सांगलीचा, ११ मार्च १९१५. ते बॅट दोन्ही पॅडच्या मधोमध धरून, अंग आखडून उभे राहत. बघणाऱ्याला ते उभं राहणं काही देखणं वाटत नसे. पण याच हजाऱ्यांनी रणजी सामन्यात नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यात त्रिशतक करणारे ते पहिले भारतीय. १९५२ साली मद्रासला भारतानं इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कप्तान तेच होते. आज देशातली एक मोठी एकदिवसीय स्पर्धा विजय हजारे करंडक म्हणून त्यांच्या नावानं खेळली जाते.

तिकडं ऑस्ट्रेलियात डॉन ब्रॅडमन. तेही बॅट दोन्ही पायांच्या मधेच टेकवीत! बॅट उचलताना ती सरळ मागं न नेता स्लिपकडं नेत. लहानपणी बावरल नावाच्या गावात घरामागं ते एकटेच खेळत. पाण्याच्या टाकीच्या विटांच्या ओट्यावर गोल्फचा लहान चेंडू मारायचा आणि तो उसळून आला की स्टंपनं टोलवायचा. शिकवायला कुणी नाही. डोळा आणि हात हेच गुरू. पुढं ५२ कसोटी सामने खेळून त्यांची सरासरी झाली ९९.९४.

असं का घडतं? एक गणित करा. खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे २० मीटरहून थोडी जास्त. वेगवान गोलंदाजाचा चेंडू ताशी १४० किलोमीटरनं निघाला, तर एका सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो. मग २० मीटर जायला किती वेळ? साधारण अर्धा सेकंद. एवढ्यात 'माझी बॅट कुठंय, पाय कुठंय' असा विचार करायला सवडच नसते. हात हजार वेळा जे करून बसलेत, तेच करतात. मी त्या मुलाच्या अर्ध्या सेकंदात माझा विचार घुसवला. मग त्रिफळा उडेल नाहीतर काय होईल?

आपल्याकडचीच गोष्ट घ्या. दिवाळीच्या सुमाराला आपल्या जिल्ह्यातून कितीतरी माणसं ऊसतोडीला जातात. फडात बघितलंत तर कोयता धरायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. कुणी कमरेत वाकतं, कुणी गुडघ्यात. मुकादम मूठ बघत नाही. ऊस बुडाशी तुटला का, एवढंच बघतो.

पण याचा अर्थ वाकडं खेळलं की माणूस मोठा होतो, असा नव्हे! रीत वेगळी आणि खोड वेगळी. चेंडू येताना डोकं स्थिर आहे का? नजर चेंडूवर शेवटपर्यंत आहे का? एकाच प्रकारच्या चेंडूवर आपण पुन्हा पुन्हा बाद होत नाही ना? या तिन्हींचं उत्तर बरोबर असेल तर ती तुमची रीत, राहू द्या. नसेल तर ती खोड, मोडून काढा.

मग खरा मोठा खेळाडू कोण? जानेवारी १९४८, ॲडलेडची कसोटी. ऑस्ट्रेलियानं ६७४ धावा केल्या, त्यात ब्रॅडमनच्या २०१. हजाऱ्यांनी पहिल्या डावात ११६ काढल्या. दुसऱ्या डावात लिंडवॉलच्या माऱ्यापुढं आपल्या सहा जणांच्या नावापुढं शून्य लागलं. हजाऱ्यांनी १४५ काढल्या. एकाच कसोटीत दोन्ही डावांत शतकं करणारे ते पहिले भारतीय ठरले.

त्याआधी १९४३ साली मुंबईच्या पंचरंगी सामन्यात त्यांच्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या एकट्याच्या होत्या. त्यांचे भाऊ विवेक यांनी दुसरं टोक धरून फक्त २१ धावा केल्या आणि दोघांची भागी ३०० ची झाली. सांगा बघू, त्या २१ धावा लहान का मोठ्या?

आणि गंमत ऐका. हे दोन्ही सामने हजाऱ्यांचा संघ डावानं हरला. तरी लोक आजही त्यांची आठवण काढतात. सगळं कोसळत असताना जो माणूस आपलं टोक सोडत नाही, तो मोठा.

लांब कशाला, आपल्या बीडचा सचिन धस. ६ फेब्रुवारी २०२४ ला दक्षिण आफ्रिकेत बेनोनी इथं एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. २४५ धावा हव्या होत्या आणि ३२ धावांत आपले चार गडी बाद. सचिननं ९६ काढल्या. कप्तान उदय सहारनबरोबर त्यानं १७१ धावांची भागी केली आणि भारत दोन गडी राखून जिंकला. शतक चार धावांनी हुकलं, पण सामना हुकला नाही.

काल मी त्या मुलाला बोलावून सांगितलं, "बाळा, चूक माझी. तुला जिथं जमतं तिथं बॅट टेकव. फक्त डोकं हलू देऊ नको." तो काही बोलला नाही, पण जाताना पळत गेला.

आज मधल्या सुट्टीत तो पुन्हा बॅटिंगला येईल. मुलांनो, हसू नका. चांगला चेंडू टाका.

— तुमचे गुरुजी