पापणीवरच्या गाठीवर थंडीचा इलाज

हास्यवायू म्हटलं की भूल आठवते. पण हाच नायट्रस ऑक्साइड नेत्ररुग्णालयात गोठवण्यासाठीही वापरतात. सिलिंडरमध्ये दाबाखाली कोंडलेला वायू क्रायो यंत्राच्या बारीक छिद्रातून सुटला की झपकन प्रसरण पावतो आणि उपकरणाचं टोक उणे 80 अंश सेल्सिअसच्या आसपास गार पडतं. ते गाठीला टेकवलं की पेशींतल्या पाण्याचे स्फटिक होतात, पेशींची आवरणं फाटतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडतात. झटपट गोठवायचं, सावकाश वितळू द्यायचं आणि पुन्हा गोठवायचं, अशी ही पद्धत आहे.

पापणीच्या कॅन्सरवर हा इलाज रुजवण्यात अमेरिकी नेत्रतज्ज्ञ फ्रेडरिक फ्राउनफेल्डर यांच्या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. थंडीचा सगळ्या पेशींवर सारखा परिणाम होत नाही, हे या उपचारातलं मर्म. नाकालगतच्या कोपऱ्यात अश्रू वाहून नेणाऱ्या नलिका असतात. तिथली गाठ कापताना त्या तुटण्याची भीती असते. गोठवताना त्या बऱ्याचदा टिकतात. उलट त्वचेला रंग देणाऱ्या पेशी थोड्याशा थंडीनंही मरतात. त्यामुळे सावळ्या चेहऱ्यावर पांढरा डाग राहू शकतो. शिवाय पापणीचे केस कायमचे जाऊ शकतात. आपल्याकडच्या रुग्णाला हे आधीच सांगायला हवं.

मर्यादा याहून मोठ्या आहेत. कॅन्सरपेशी खात्रीनं मारायला गाठीच्या तळाशी उणे 50 अंशांच्या आसपास तापमान लागतं. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनइतकी खोली नायट्रस ऑक्साइड गाठत नाही. म्हणून तो लहान, उथळ गाठींपुरताच. शिवाय गोठवलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येत नाही. कडेला कॅन्सर उरला का, हे कळत नाही. म्हणूनच कडा तपासत केलेली शस्त्रक्रिया आजही पहिली निवड आहे, आणि ते योग्यच आहे. वय, इतर आजार यांमुळे शस्त्रक्रिया झेपणार नसेल, तिथे थंडी उपयोगी पडते. त्याआधी बायोप्सी मात्र हवीच.

भारतात हा मुद्दा जास्त महत्त्वाचा. गोऱ्या लोकांत पापणीवर बहुतेक वेळा बेसल सेल कॅन्सर होतो. तो सहसा दूर पसरत नाही. आपल्याकडे तेलग्रंथींचा कॅन्सर त्यामानाने बराच जास्त आढळतो. तो पसरतो आणि दिसतो रांजणवाडीसारखा! त्याच्यासाठी नुसत्या गोठवण्यावर विसंबता येत नाही. चाळिशीनंतर एकाच जागी पुन्हा पुन्हा रांजणवाडी येत असेल, तिथले केस गळत असतील, तर मलम लावत बसू नका. नेत्रतज्ज्ञांना दाखवा आणि बायोप्सीबद्दल स्वतःहून विचारा.